'पाठवतो की' म्हणणाऱ्यांसाठी एक प्रिंटर

आमच्या स्टुडिओत काउंटरखाली बुटांचा एक जुना खोका आहे. त्यावर वडिलांच्या अक्षरात 'न नेलेले' असं लिहिलंय. आत खाकी पाकिटं. कुणाचे पासपोर्ट फोटो, कुणाचा जोडीचा हाफ साईज, एका बैलजोडीचा पोस्टकार्ड. आगाऊ पैसे देऊन गेलेली माणसं परत फिरकलीच नाहीत, पण वडिलांनी एकही पाकीट फेकलं नाही. "फोटो त्येचा हाय, आपला न्हवं," एवढंच म्हणायचे.

माझाही एक साठा आहे, 'न दिलेले'. तो हार्ड डिस्कवर आहे. लग्नसराई संपली की कॅमेरा घेऊन लांब कुठंतरी जायचं, हे गेली बावीस वर्षं चाललंय. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वस्त्या झाल्या, मेळघाट झालं, स्पिती, एकदा सुंदरबन. प्रत्येक ठिकाणी एखादी म्हातारी, एखादा नावाडी, एखादं शेंबडं पोर विचारतंच, "फोटो आम्हाला मिळणार का?" आणि मी म्हणतो, "पाठवतो की." डायरीत पत्ता लिहून घेतो. घरी आल्यावर सीझन सुरू होतो, अल्बमची कामं अंगावर येतात आणि डायरी ड्रॉवरमध्ये जाते. शंभरातले दहा पाठवले असतील. वडील सायकलवरनं वाडीवस्तीला जाऊन फोटो काढायचे आणि पुढच्या बाजाराला हातात आणून द्यायचे. माझ्याकडं गाडी आहे, कुरिअर आहे, आणि तरी ही गत.

हा प्रिंटर घेतला तो ह्या लाजेपायी. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं कौतुक आणि कुरकुर कुठल्या मापानं करतोय ते कळेल.

वस्तू अशी: मुठीत मावेल असा प्रिंटर, ब्लूटूथवर फोनला जोडायचा, फोटो निवडायचा, बारा-पंधरा सेकंदांत कागद वर येतो. कंपनीचं नाव टाकत नाही. माझ्या काउंटरवर असलाच माल विकायला असतो. नाव घेतलं तर जाहिरात होते आणि नावं ठेवली तर धंद्यातली उणीदुणी. जात सांगतो, तेवढ्यावर दुकानदाराला कळतं. कागद क्रेडिट कार्डाच्या मापाचा, ८६ बाय ५४ मिलिमीटर; त्यात प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६. पाकिटात दहा. शाई नाही, रिबन नाही, वेगळी काडतुसं नाहीत.

माझ्यासारख्या जुन्या माणसाला ह्यात मजा वाटते ती वेगळीच. हा छापील कागद नव्हे, खरोखरचा फोटो आहे. आतले बारीक दिवे फिल्मवर प्रकाश टाकतात, कागद दोन रोलरमधनं बाहेर येताना कडेच्या पांढऱ्या पट्टीतली रसायनाची पुडी फुटते आणि चित्रभर पसरते. म्हणजे आमची अख्खी डार्करूम त्या पट्टीत. मी शाळेत असताना वडिलांच्या हाताखाली ट्रे हलवलेत. लाल दिव्यात ब्रोमाइड कागदावर नवरीचा चेहरा हळूहळू वर यायचा तेव्हा जो श्वास अडकायचा, तोच इथं दीड मिनिट अडकतो, फक्त भर उन्हात आणि वीस माणसांच्या मधोमध.

ह्या प्रकाराचा जन्मही एका पोरीच्या प्रश्नातनं झालाय. १९४३ साली एडविन लँड नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, काढलेला फोटो लगेच का बघता येत नाही. चार वर्षांनी त्यानं तसा फोटो लोकांसमोर काढून दाखवला आणि १९४८ च्या अखेरीस कॅमेरा दुकानात आला. त्याची कंपनी म्हणजे पोलरॉइड. गावाकडचं प्रत्येक पोर तोच प्रश्न विचारतं, आणि आम्ही स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतो, हे बघ, आला की फोटो. पोर बघतं, हसतं, आणि आम्ही तो फोटो खिशात घालून निघून जातो.

पहिली चाचणी घरच्याच मुलखात घेतली. बामणोलीहून लाँच धरली आणि शिवसागर जलाशयाच्या पलीकडं एका धनगरवाड्यावर गेलो. तिथं एक आज्जी आहेत, त्यांचे फोटो मी तीनदा काढलेत आणि तीनदा 'पाठवतो की' म्हणालोय. ह्या वेळी ऐटीत प्रिंटर काढला, कागद वर आला, आज्जींच्या हातावर ठेवला. पांढऱ्यातनं आधी लुगड्याचा हिरवा, मग कपाळ, मग डोळे. आज्जींनी तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"आरं बाबा, ह्यो तर काड्याच्या पेटीएवढा हाय."

"खिशात ठेवायचा असतोय, आज्जी."

"मला कुठला आलाय खिसा? मी म्येल्यावर भिताडाला काय लावतील, ह्यो? आन् हार कुठनं घालतील ह्येला?"

सगळा वाडा हसला, मीपण हसलो. पण स्टुडिओवाल्याला हा हिशोब पाठ असतो. खेड्यातला म्हातारा माणूस फोटो काढून घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात भिंत असते, खिळा असतो. दहा बाय बारा इंचांच्या खाली त्याचं समाधान होत नाही. पहिल्याच दिवशी वस्तूची सगळ्यात मोठी उणीव एका आज्जीनं दोन वाक्यांत सांगितली. मी म्हणालो, "मोठा आणून देतो." ह्यावर पुढं येतो.

नोव्हेंबरात माजुलीला गेलो. आसामातलं, ब्रह्मपुत्रेतलं बेट, २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा. नदीतल्या बेटाचा अख्खा जिल्हा होण्याची देशातली ती पहिलीच वेळ. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरनं फेरी सुटते. खाली माणसं, वर मोटारसायकली, मध्ये कोंबड्यांचे डालगे आणि सिमेंटची पोती. घाट म्हणजे वाळूत ठोकलेल्या बांबूच्या टपऱ्या. नदी सरकली की तो घाटही उचलून पुढं नेतात.

फिल्मची वीस पाकिटं नेली होती. विमानानं जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: फिल्म मोठ्या बॅगेत टाकून चेक-इनला देऊ नका. तिथली एक्स-रे मशिनं जास्त ताकदीची असतात आणि ही फिल्म ८०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला चांगलीच हावरट. हातातल्या बॅगेत ठेवा आणि हातानं तपासा म्हणून विनंती करा. पुण्यात साहेबांनी पाकिटं हातानं बघितली, वर "ह्यात रोल असतो अजून?" असं कौतुकानं विचारलं.

आणि घड्याळ विसरा. आसाम आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की नोव्हेंबरात साडेपाचलाच उजाडतं आणि साडेचारला सूर्य बुडतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळ एक तास पुढं ठेवायची जुनी पद्धत आहे, बागान टाइम म्हणतात. सातला उठून चहा पिऊन निघणारा आपला माणूस सोनेरी प्रकाश संपल्यावर गावात पोचतो. मी पहिल्या दिवशी तसाच पोचलो.

गाव मिसिंग जमातीच्या लोकांचं. घरं खांबांवर, चांग घर म्हणतात, पुराचं पाणी खालनं जावं म्हणून. पाणी नसतं तेव्हा घराखाली डुकरं, कोंबड्या आणि हातमाग. बाई मागावर बसलेली, वरच्या फटीतनं उन्हाच्या पट्ट्या सुतावर पडलेल्या. मी पंधरा-वीस फ्रेम काढल्या, मनासारख्या. मग त्यातली एक फोनवर घेतली आणि छापली.

त्या क्षणापासनं माझं त्या गावातलं 'नैसर्गिक' छायाचित्रण संपलं. हे ह्या वस्तूबद्दल कुणी सांगत नाही. कागद हातात पडल्यावर बाई मागावरनं उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि दहा मिनिटांनी खाली आल्या त्या केस विंचरून, नवी मेखला, म्हणजे तिकडचं नेसायचं वस्त्र, नेसून. शेजारची म्हातारी, आइता म्हणतात तिकडं आजीला, दोन नातवंडांचे हात धरून आली. पोरांची तोंडं पुसलेली. एकानं खुर्ची आणली. एकानं मागं चादर धरली! अर्ध्या तासात गावाचा स्टुडिओ झाला. सगळे सरळ उभे, हात मांडीला चिकटलेले, नजर लेन्समध्ये, हसू बंद. आणि सगळ्यांची एकच अट, माझ्यासोबत आलेल्या, बेटावरच्याच गरमूरच्या पोरानं सांगितली: "पाय आले पाहिजेत, दादा."

रानोमाळ हिंडणारा माझ्यातला फोटोग्राफर हिरमुसला. स्टुडिओवाला मात्र खूश झाला, कारण ही अट मी लहानपणापासनं ऐकत आलोय. आमच्याकडंही पाय कापलेला फोटो म्हणजे अर्धा माणूस. फोटो कसा हवा ते लोकांना नेमकं माहीत असतं. आपणच इतकी वर्षं त्यांचे बेसावध, सुरकुत्यांचे, धुरातले फोटो काढून त्याला 'खरं जीवन' म्हणत आलो. प्रिंटर आला की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक आलं की मर्जी त्याची. तुम्हाला नुसते बेसावध चेहरे हवे असतील तर सरळ दोन भाग करा, आधी तुमचं काम उरका आणि प्रिंटर अगदी शेवटी काढा. मी दुसऱ्या दिवसापासनं तसं केलं, पण खरं सांगतो, उभ्याच्या उभ्या, पायांसकट काढलेले ते फोटोच आता मला जास्त आवडतात.

उभ्या माणसाला हे माप फार छान बसतं. एक माणूस, पायांपासून डोक्यापर्यंत, मागं घराचा जिना. दोन माणसं चालतात. चार झाली की चेहरे तुरीच्या डाळीएवढे होतात, आणि अख्खं कुटुंब घेतलं तर हळदीकुंकवाचे ठिपके. निसर्ग छापायच्या भानगडीत पडूच नका. धुक्यातली ब्रह्मपुत्रा मी कॅमेऱ्यात जीव ओतून काढली होती. छापल्यावर दोन करड्या पट्ट्या आल्या, एक फिकी आणि एक त्याहून फिकी.

रंगाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं पाकिटं वाया जातात. ह्या जातीच्या फिल्मला प्रकाशाची झेप कमी. उन्हातला पांढरा गामोसा, म्हणजे तिकडचा पंचा, जळतो आणि त्याच चौकटीत सावळा चेहरा काळवंडतो. फोनवर जे झकास दिसतं ते कागदावर गडद येतं. पहिली आठ-दहा माझीही गेली. मग असं ठरवलं: माणसाला उन्हात उभं करायचंच नाही. चांग घराच्या खाली, कडेला, जिथं बाहेरचा उजेड तोंडावर येतो पण ऊन येत नाही, तिथं बसवायचं. उजेडाचं माप चेहऱ्यावर घ्यायचं, आणि छापण्याआधी फोनवर सावल्या नीट उजळायच्या, डोळ्याला जरा जास्तच वाटेल इतक्या. कातडीचा रंग मग खरा येतो. गोरा करू नका, एवढी विनंती. आमच्या धंद्यानं ते पाप पुष्कळ केलंय.

सकाळी गारठा असला की कागद सावकाश उमलतो आणि निळसर फिका राहतो. उपाय सोपा आहे, बाहेर आल्या आल्या स्वेटरच्या आत काखेत धरायचा. लोक हसतात, हसू द्या. झटकू मात्र नका. तो हात हलवायचा प्रकार सिनेमातला. त्यानं आतले थर हलतात. उलट बाजूनं, एक पाकीट मी दुपारभर मोटारसायकलच्या काळ्या टँक बॅगेत विसरलो. दहाच्या दहा फोटो असे नारिंगी आले की सगळं गाव कावीळ झाल्यासारखं. चाळीस अंशांच्या वर फिल्म नेऊ नका असं पाकिटावर छापलेलंच असतं. चूक माझी, पाचशे रुपये माझे.

आणि गर्दी. पाकिटात दहा कागद आणि अंगणात चाळीस माणसं, हे गणित सुटत नाही. पहिल्या गावात पोरांची रेटारेटी झाली, एक रडलं. गरमूरच्या पोरानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "माणशी नको दादा, घरटी द्या." मग घरटी एक आणि तोही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात, असा नियम केला आणि कटकट मिटली. म्हाताऱ्या माणसाच्या हातातनं कागद कुणी ओढत नाही.

पोस्टकार्ड मापाचे छोटे प्रिंटरही मिळतात, रिबनवाले. ते का नेलं नाही असं कुणी विचारेल. माप म्हणाल तर तेच हवं. पण त्यात पिवळा, किरमिजी, निळा आणि वरचा थर अशा चार फेऱ्यांसाठी कागद चार वेळा बाहेर येऊन आत जातो. मी एकदा एक नदीकाठी वाळूत चालवून बघितलाय. वाऱ्यानं कण बसले आणि प्रत्येक चेहऱ्यावरनं पांढरी रेघ. शिवाय डबा मोठा, बॅटरी वेगळी. गाडीतनं जाऊन एखाद्याच्या ओसरीवर बसणार असाल तर तो घ्या. होडीतनं, सायकलवरनं हिंडणार असाल तर हा. आणि लगेच फोटो देणारे कॅमेरे मिळतात त्यापेक्षाही हा बरा, कारण डोळे मिटलेली फ्रेम छापावी लागत नाही. नवराबायकोत भांडण लागलं तर दुसरी कॉपीही काढता येते. तसं एकदा लागलं.

बॅटरीची तक्रार नाही. रोज वीस-पंचवीस फोटो काढले, तीन दिवसांनी एकदा पॉवर बँकला लावला.

आता तीन कागदांबद्दल सांगतो.

सामागुरी सत्रात मुखवटे होतात. सत्र म्हणजे तिकडचा वैष्णव मठ. आसामचे वैष्णव संत श्रीमंत शंकरदेव यांच्या परंपरेतल्या भाओना नाटकांसाठी शेकडो वर्षं होतायत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कुंभाराच्या मातीत बुडवलेलं सुती कापड, मग शेणमातीचा लेप, वाळला की रंग. इथल्या हेमचंद्र गोस्वामींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्या वर्षी माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन. मी गेलो तेव्हा रासाचा उत्सव आठवड्यावर आला होता, रंगकाम जोरात. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा राक्षसाचा मुखवटा घालून दाखवत होता, जबडा हलणारा. मी फोटो काढला आणि छापून दिला. त्यानं बघितला, मान डोलावली आणि मुखवटा काढून परत समोर उभा राहिला. एवढंच म्हणाला, "आता माझा." मी तोपर्यंत शंभर एक फ्रेम राक्षसाच्याच काढल्या होत्या.

सालमोरा गावात कुंभारणी चाकाशिवाय मडकी घडवतात. बायका हातानं आकार देतात, थापीनं ठोकत ठोकत भिंत पातळ करत नेतात. माती नदीकाठची, भाजायला नदीतनं वाहून आलेली लाकडं, आणि माल होडीनं जातो. एका बाईंचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. कागद बाहेर आला तशी त्यांनी हात पुढं केले, मग चिखल बघून मागं घेतले, आणि दोन्ही मनगटं जुळवून त्यांच्या बेचक्यात तो धरला. चित्र उमटेपर्यंत तशाच बसल्या, मनगटं जुळवून. त्याचा फोटो मी काढला नाही. कॅमेरा गळ्यात होता, प्रिंटर हातात होता आणि मी त्यांच्यासारखाच कागदाकडं बघत होतो. बावीस वर्षांतली बहुतेक सगळ्यात चांगली फ्रेम गेली. प्रिंटरचा हाही एक तोटा म्हणून नोंदवून ठेवा.

तिसरा एका आजोबांचा. कोका म्हणायचे सगळे त्यांना. बांधावर बसलेले. त्यांनी पाण्याकडं पाठ करून बसायला नकार दिला, नदीकडं हात करून बसले आणि म्हणाले, असाच काढा. का, विचारलं तर हिंदीत म्हणाले, "घर है उधर." उधर पाणी होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट साधारण साडेबाराशे चौरस किलोमीटर होतं म्हणतात, आता त्याच्या निम्म्याहून किती तरी खाली आलंय. १९५० च्या १५ ऑगस्टला आसामात जो मोठा भूकंप झाला त्यानं डोंगर नदीत उतरले, पात्र गाळानं वर आलं आणि काठ तुटायचं प्रमाण वाढलं. कोका तेव्हा पाच-सहा वर्षांचे. घर मात्र बऱ्याच वर्षांनी गेलं, आणि नंतरचं दुसरंही गेलं. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडंही असंच आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, मी त्यानंतर पाच महिन्यांनी जन्मलो. आमच्या मामाचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि मामापण असंच पाण्याकडं हात करून दाखवायचे. कोकांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "आपका भी पानी में?" म्हणाले.

त्यांचा फोटो तांत्रिक दृष्ट्या भिकार आला. पाणी जळून पांढरं झालं, धोतर त्यात मिसळलं, फक्त चेहरा आणि तो हात. मी म्हणालो, परत काढतो, सावलीत या. ते नको म्हणाले. कागदावरच्या त्या पांढऱ्या जागेवर त्यांनी बोट टेकवलं, बरोबर तिथं, आणि "भाल होइसे" म्हणून कागद कुडत्याच्या आतल्या खिशात ठेवला. छान झालाय, असा अर्थ. खिशात बरोबर मावला. ६२ बाय ४६ ला मी जे काही बोललो ते तेवढ्यापुरतं मागं घेतो.

खर्चाचं सांगून टाकतो. मला एक कागद पन्नासच्या आसपास पडला. वीस पाकिटांचे दोनशे, त्यातले वीस-एक वाया. म्हणजे प्रवासाच्या खर्चात दहाएक हजारांची भर. स्वस्त नाही. पण ट्रायपॉडला, फिल्टरला आणि वर्षाला एकदा बदलायच्या बॅगेला आपण ह्याहून जास्त घालतो आणि कुणाला हिशोब देत नाही. फोटो टिकण्याचं म्हणाल तर उन्हात भिंतीवर लावला तर उडणार. मी प्रत्येकाला वहीत किंवा ट्रंकेत ठेवा असं सांगत होतो. आइतांनी माझ्यासमोरच तो माजघरात देवाच्या चित्राशेजारी उभा केला. तिथं ऊन येत नाही, तेव्हा गप्प बसलो.

कुणी घ्यावा? जो परत त्याच गावात जाणार नाही त्यानं नक्की घ्यावा. लग्नाच्या स्टेजवर पाहुण्यांना वाटायला म्हणून घेणार असाल तर त्याचा रिव्ह्यू हा नव्हे. पाचपैकी चार तारे. एक कापला तो आज्जींच्या हारासाठी.

त्यांचा फोटो मी परत आल्यावर लगेच मोठा केला. बारा बाय पंधरा, मॅट, सागवानी पट्टीची फ्रेम, मागं टांगायला दुहेरी तार. डिसेंबरात नेणार होतो, तर लग्नं लागली. मग लाँचवाल्याशी बोलणं झालं, तो म्हणाला पाणी उतरलंय, गाळातनं बरंच चालावं लागेल, काच सांभाळून न्यावी लागेल. आता मे सुरू आहे. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरखाली ठेवलीय, बुटांच्या खोक्याला टेकवून. परवा बायकोनं झाडताना विचारलं, "हा न नेलेला का न दिलेला?"